रोज वीस इडियम्स, तेही जेवताना

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, अकरा वर्षं पोलंडमध्ये व्रोत्सवाफला आहोत. मुलगी सतरा वर्षांची, पोलिश शाळेतच वाढली. येत्या मे महिन्यात तिची मातुरा, म्हणजे इथली बारावी. तिला नेदरलँड्सला पाठवायचंय, म्हणून केंब्रिजची सी-टू, म्हणजे इंग्रजीची सर्वांत वरच्या पातळीची परीक्षा द्यायला लावतोय. रोज वीस इंग्रजी इडियम्स, म्हणजे वाक्प्रचार, वहीतून पाठ करून घेतो आणि रात्री जेवताना विचारतो. ती पोलिशमध्ये उत्तर देते, नाहीतर गप्प बसते. तिचा निबंध जोडलाय. दुसऱ्या परिच्छेदात तर एकही इडियम नाही. काय करावं?

उत्तर : आधी जेवताना परीक्षा घेणं थांबवा. आजच. तुमच्या घरात मराठी उरली असेल तर ती त्या ताटांभोवतीच, आणि तिथंच तुम्ही मुलीची उलटतपासणी घेताय. ती पोलिशमध्ये उत्तर देते, कारण त्या भाषेत तुम्हाला तिच्या चुका काढता येत नसाव्यात.

दुसरं म्हणजे, पत्रात परीक्षेचं नाव आहे, देश आहे, रोजचा कोटाही आहे. मुलीला शिकायचंय काय, हे मात्र नाही. मी दोनदा शोधलं.

आता निबंध. विषय सप्टेंबर २०२४ चा पूर. वर डोंगराकडे स्त्रोन्ये श्लोंस्क्येचा बांध फुटला होता आणि तुमच्या शहरात लोक ओद्रा नदीकाठी वाळूची पोती भरत होते. पहिल्या परिच्छेदात ती लिहिते, ‘इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, म्हणजे धो धो पाऊस. हे तुमच्या वहीतलं. तुम्ही सांगलीचे, २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा परदेशात बसून तासातासाला फोन बघत असाल. त्या वेळी पावसाबद्दल असं गमतीत बोललेलं चाललं असतं तुम्हाला? आणि ज्या परिच्छेदावर तुम्ही नाराज आहात, त्यात हे वाक्य आहे : ‘आय हेल्ड द बॅग ओपन अँड द मॅन नेव्हर आस्क्ड माय नेम.’ सगळ्या निबंधात मला आवडलेलं वाक्य हेच.

गैरसमज इथं आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षेच्या निकषांत ‘इडियमॅटिक’ हा शब्द येतो, आणि आपल्याकडचे क्लासवाले त्याचा अर्थ ‘इडियम्स कोंबा’ असा लावतात. त्याचा अर्थ, त्या भाषेच्या वळणाचं. कुठला शब्द कुठल्या शब्दाशेजारी बसतो, ते. तुमची मुलगी ‘स्ट्राँग रेन’ लिहिते, कारण पोलिशमध्ये पाऊस ‘सिल्नी’, म्हणजे जोरदार असतो. इंग्रजीत तो ‘हेवी’ लागतो. पूल सध्या बंद आहे म्हणायला ती ‘अ‍ॅक्च्युअली’ वापरते, कारण पोलिश ‘अक्तुआल्निये’चा अर्थ ‘सध्या’. शिवाय ‘अ’ आणि ‘द’ जागोजागी गळलेत. ते ना पोलिशमध्ये आहेत ना मराठीत, म्हणजे दोन्हीकडून बोंब. या चुका तुम्ही खुणावल्याच नाहीत. तुम्ही इडियम्स मोजत होतात.

म्हणून पाठांतराची वही बंद. तिनं रोज वीस मिनिटं आवडीचं काही इंग्रजीत वाचावं आणि शब्द सुटा न लिहिता शेजाऱ्यासकट उतरवावा. स्वतःच्या चुकांची यादी तिनंच करावी. म्हणी तिला येतातच. आपण आगीतून फुफाट्यात पडतो, पोलिश माणूस पावसातून पन्हळीखाली जातो. विचारा तिला, हसेल.

परीक्षेचं एका ओळीत : नेदरलँड्सच्या इंग्रजी माध्यमातल्या पदवीला साधारण आयईएलटीएस ६ ते ७ पुरतं, सी-टूची गरज नसते, नेमकी अट त्या त्या विद्यापीठाकडून पाहून घ्या. मे महिन्यापर्यंत मातुराची एक्स्टेंडेड लेव्हल, म्हणजे वरच्या पातळीचे पेपर, नीट होऊ द्या.

आणि पुढचं पत्र तिला लिहू दे, तुम्ही न वाचता. मराठीत लिहिलं तरी चालेल, शुद्धलेखन मी बघणार नाही.