आधी अंदाज लिही, मग सापळे मोज

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहीच्या पानांचे फोटो मोठे करून सगळे वाचले. तारीख, सापळ्याचा नंबर, त्यात आलेले कापसावरच्या गुलाबी बोंडअळीचे पतंग, पाऊस, कमाल-किमान तापमान, सकाळची आर्द्रता. एकही रकाना रिकामा नाही. भर पावसात काळ्या मातीचा चिखल तुडवत वावरात जाऊन नोंदी घ्यायला जिद्द लागते, तुझं मनापासून कौतुक. शेवटी तू विचारलंस, "सर, एवढा डेटा गोळा झाला, आता यातून निष्कर्ष कसा काढू?" हा प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर आलाय. तो पहिल्या पानावर यायला हवा होता.

आधी भरपूर निरीक्षणं करायची, मग नियम आपोआप दिसतो, असं शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेलं असतं. तसं होत नाही. तू पहिली नोंद केलीस तेव्हाच निवड करून बसली होतीस. आर्द्रता लिहिलीस, पण शेजारच्या वावरात कापूस कधी लावला ते लिहिलं नाहीस. पाऊस लिहिलास, पण धुऱ्यावर मागच्या हंगामाच्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, किती दिवस पडून होत्या ते लिहिलं नाहीस. म्हणजे बोंडअळीचं मूळ हवामानात आहे असा सिद्धांत तुझ्या मनात होताच, कागदावर तेवढा उतरला नव्हता. असा न लिहिलेला सिद्धांत मला फार धोक्याचा वाटतो. तो चुकीचा असला तरी कुणाला खोडता येत नाही, तुला स्वतःलाही नाही. डार्विननं 1861 मध्ये एका मित्राला पत्रात हेच कळवलं होतं: निरीक्षण कुठल्या तरी मताच्या बाजूनं किंवा विरुद्ध असेल तरच कामाचं, नाहीतर खाणीत जाऊन खडे मोजत आणि त्यांचे रंग लिहीत बसावं.

लोणार तुझ्या घरापासून तासाभरावर आहे. उल्केमुळे झालेलं सरोवर असं आज शाळकरी पोरही सांगतं. पण एकोणिसाव्या शतकात ते बघून गेलेल्यांनी त्याला ज्वालामुखीचं तोंड मानलं, आणि त्यात वावगं काही नव्हतं. चहूकडे काळा पाषाण, म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि त्यात सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा. काठावरचे थर वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेत, तेही डोळ्यांसमोर होतं. तरी त्या थरांना कुणी वेगळा प्रश्न विचारला नाही, कारण विचारायला उल्केचा सिद्धांतच हाताशी नव्हता.

याच्याशी जोडलेली एक हकीकत तू नीट समजून घ्यावीस असं मला फार वाटतं. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणातला मोठा माणूस. ॲरिझोनातल्या अशाच एका खड्ड्याकडे तो 1891 मध्ये गेला. उल्का की वाफेचा स्फोट, असे दोन अंदाज त्यानं आधीच मांडले होते आणि कोणता खरा असेल तर काय दिसायला हवं तेही ठरवलं होतं. उल्का खाली गाडली गेली असेल, तर तिनं जागा अडवल्यामुळे काठावरचा मालमसाला खड्ड्यात मावून वर उरायला हवा, आणि लोखंडाच्या एवढ्या गोळ्यामुळे होकायंत्राची सुई हलायला हवी. त्यानं मोजलं. माल खड्ड्याएवढाच भरला. सुई हलली नाही. त्यानं उल्केचा अंदाज सोडून दिला. लोणारचं साम्यही त्याच्या ध्यानात आलं होतं.

आज आपल्याला माहीत आहे की तो खड्डा उल्केचाच. गिल्बर्टच्या पद्धतीत खोट नव्हती. घात केला तो तिच्या आडोशाला बसलेल्या एका गृहीतानं: आदळल्यावर उल्का अखंड राहते. प्रत्यक्षात इतक्या वेगानं आदळलेली उल्का बहुतेक वितळते, वाफ होते, तुकड्यांत उधळते. हे समजल्यावर शोधायची वस्तूच बदलली. गाडलेल्या गोळ्याऐवजी लोक प्रचंड दाबाच्या खुणा शोधू लागले. 1960 मध्ये ॲरिझोनात कोएसाइट सापडलं, म्हणजे प्रचंड दाबाखालीच बनणारं सिलिका. लोणारच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, कोएसाइट ज्यापासून बनतं ते क्वार्ट्झ जवळपास नसतंच, तेव्हा तिथं फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजाकडे बघावं लागलं. भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळाशी बोअर घेतले, वर आलेल्या खडकाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. धक्क्यानं न वितळताच काच झालेलं फेल्डस्पार, म्हणजे मॅस्केलिनाइट, त्यांना दिसलं. तो निबंध 1973 चा. काय शोधायचं हे माहीत नसतं, तर ते काप कुणी केलेच नसते.

आपल्याकडे लोक म्हणतात, थिअरी पुस्तकात, शेतात प्रॅक्टिकल. तू हे ऐकून घेऊ नकोस. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेला कापूस, 2002 मध्ये आला तेव्हा 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी सरकी मिळायची. बहुतेकांनी ती धुऱ्यावर लावलीच नाही. त्या पुडीमागे अख्खा सिद्धांत होता: प्रतिकार आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळी बीटीवर जगते, म्हणून बिगर-बीटीवर वाढलेले, प्रतिकार नसलेले साधे पतंग भरपूर राहिले पाहिजेत, म्हणजे तगलेल्या पतंगांची जोडी त्यांच्याशी लागते आणि पुढची पिढी बीटीवर मरते. साधे पतंग नसतील तर काय होईल हे अळी तगण्याच्या आधीच कागदावर होतं. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळी बीटी कापसावरही तगली, ते विदर्भानं वावरात पाहिलं.

आता तुझं काम. हंगामाच्या सुरुवातीचे पतंग येतात कुठून? एक अंदाज, धुऱ्यावर नि घरामागे सरपणाला रचलेल्या पऱ्हाट्यांतून, त्यातल्या किडक्या बोंडांत दडलेल्या अळ्यांपासून. दुसरा, जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातल्या सरकीतून. दोन्ही पटतात, म्हणूनच नुसतं पटण्यावर भागत नाही. जिनिंग खरं असेल तर तिथून जसजसं लांब जाशील तसे सापळ्यातले पतंग कमी व्हायला हवेत, गावात ढीग असोत वा नसोत. ढीग खरे असतील तर जिनिंगपासून दूरच्या, पण पऱ्हाट्या न हलवलेल्या गावातही मे-जूनमध्ये पतंग दिसायला हवेत, आणि पऱ्हाट्यांचा आधीच चुरा केलेल्या गावात फारच थोडे. दोन्ही प्रकारची गावं तुझ्या तालुक्यात आहेत. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेलं कापसाचं पीक, कुणी ठेवली आणि मे महिन्यात ओलितावर कापूस कुणी लावला, हेही गाववार लिही. तिसरं उत्तर तिथून निघू शकतं.

आणि तुझं गिल्बर्टवालं गृहीत शोध. मला दोन दिसतात. पतंग जवळच राहतात असं तू मानतेस, पण वाऱ्यासोबत ते लांबही जातात. आणि कामगंध सापळ्यात मादीच्या गंधाची गोळी, म्हणजे ल्यूर असते, तिच्याकडे फक्त नर येतात. कापूस भरात असताना माद्या भरपूर असल्या, तर तुझ्या ल्यूरकडे वळणारे नर कमी होतील आणि आकडा कमी दिसेल. सलग तीन रात्री रोज सापळ्यामागे 8 पतंग ही फवारणीची मर्यादा पाळ, पण हिरवी बोंडं फोडून अळ्या मोज आणि डोमकळ्याही मोज. डोमकळीच्या पाकळ्या गुंफलेल्या असतात, त्या अलगद सोडवल्या की आत अळी दिसते. सापळा आणि बोंड वेगवेगळं सांगू लागले की तिथं थांब. ती तफावत सरासरीत बुडवू नकोस, मला तर सगळ्यात जास्त तीच वाचायची आहे.

जिनिंगच्या आवारात सापळे लावायला मालकाची परवानगी लागेल, ती आत्ताच मागून ठेव, हंगाम संपला की फाटकं बंद होतात. प्रत्येक अंदाजासमोर "असं दिसलं तर मी हा सोडेन" असं एक वाक्य लिही, खाली तारीख घाल आणि ल्यूर विकत घ्यायच्या आधी ते पान मला पाठव. आईबाबांना नमस्कार.

तुझे,
सर