नकाशातला हिरवा पट्टा आणि आपलं रान: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एका नकाशाबद्दल लिहिलं होतं, हवामान बदललं तरी ज्या जमिनीवर जीव तग धरून राहतील अशा जागा कुठल्या आणि त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत की मध्येच तुटल्यात, हे दाखवणारा नकाशा कसा करतात ते. सोबत सह्याद्रीचा एक ढोबळ नमुना काढून दिला होता, जनावरांना ये-जा करता येईल असा भाग हिरवा दाखवून. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की अख्खं सदर यालाच देतेय.

चंदगडहून एक काजू बागायतदार विचारतात: ताई, तुमच्या नकाशात आमच्या गावावरनं हिरवा पट्टा गेलाय, माझी अडीच एकर काजू त्यातच येते. उद्या वनखातं येऊन इथं काही करायचं नाही म्हणणार का? सातबाऱ्यावर शेरा बसतो का याचा?

दादा, नाही बसत. तो नकाशा म्हणजे अभ्यास आहे, कायदा नाही. तरी तुमची भीती मला पटते, कारण गावात कागद पोचायच्या आधी अफवा पोचते आणि मग घाबरून लोक आहे ते रान तोडून मोकळे होतात, त्यात गावाचंही नुकसान आणि रानाचंही. म्हणून नीट सांगते. वन्यजीव कायद्यात २००२ साली दोन नवे प्रकार आले. एक संवर्धन राखीव, हे सरकारी मालकीच्या जमिनीवरच होतं, दोन जंगलं जोडणाऱ्या जागांसाठी मुख्यतः, आणि त्याआधी गावाशी चर्चा करावी लागते. दुसरं सामुदायिक राखीव, हे खाजगी किंवा गावाच्या जमिनीवर होऊ शकतं, पण मालकानं किंवा गावानं स्वतःहून पुढं आलं तरच. पर्यावरण संवेदनशील क्षेत्र ही तिसरी गोष्ट, तो कायदाच वेगळा, त्याचा आधी मसुदा निघतो आणि हरकतींना ६० दिवस मिळतात, तेव्हा तसला कागद आला तर गावात बसून वाचा, कुणाच्या तरी सांगण्यावर जाऊ नका.

आता तुमची बाग हिरवी का दिसते? काजूखाली थोडी झुडपं राहिलीत, तारेचं कुंपण नाही, डोंगर जेसीबीनं कापून सपाट केलेला नाही, म्हणून जनावर तिथून रात्री निघून जाऊ शकतं, एवढाच त्याचा अर्थ. २०१८ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात कॅमेऱ्यात आलेला एक वाघ दोन वर्षांनी कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पात दिसला, दोनशे किलोमीटरच्या वर अंतर. सगळा रस्ता काही अभयारण्यातला नव्हता, कुणाच्या तरी बागा, माळ, मालकी रानं मध्ये होतीच. आपल्याकडं सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या सीमेवर हे असंच आहे, जंगल म्हणून जे दिसतं त्यातलं बरंचसं लोकांच्या नावावर आहे, म्हणून तुमच्यासारख्यांना बाजूला ठेवून हा पट्टा वाचवता येईल असं मला अजिबात वाटत नाही.

पुण्याहून, एमएस्सीची विद्यार्थिनी: मॅम, एखादी जमीन 'तग धरेल' हे आधीच कसं कळतं? पुढं कुठली प्रजाती कुठं जाईल हे मॉडेल तर दरवेळी वेगळंच सांगतं.

तू अगदी मुळाशी हात घातलास. याच अडचणीतून ही पद्धत निघाली. कुठला जीव कुठं जाईल याचा अंदाज खरंच डळमळीत असतो, म्हणून काही शास्त्रज्ञांनी प्रश्नच फिरवला, प्रजाती म्हणजे नट, ते बदलतील, जातील, नवे येतील, आपण रंगमंच, म्हणजे जमीन सांभाळू. अमेरिकेतल्या 'द नेचर कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेच्या मार्क अँडरसन यांनी चार्ल्स फेरी यांच्याबरोबर २०१० साली एक पेपर लिहिला, अमेरिकेची १४ राज्यं आणि कॅनडाचे ३ प्रांत घेऊन. कुठं किती प्रजाती आहेत हे कशावर ठरतं बघितलं, तर खडकांचे प्रकार किती, चुनखडीचा खडक किती, उंचीत फरक किती आणि अक्षांश कुठला, एवढ्या चार गोष्टींवर जवळजवळ सगळं चित्र उभं राहिलं. खडक आणि उतार हवामानाबरोबर पळून जात नाहीत. म्हणून नकाशा त्यांच्यावर उभा करायचा.

मग नकाशात जमिनीला गुण, म्हणजे मार्क, कसे देतात? जमिनीचे ३० मीटरचे बारीक चौकोन पाडतात, प्रत्येकाभोवती साधारण १०० एकरांचा गोल धरून बघतात की त्यात किती तऱ्हा आहेत, म्हणजे उन्हाचा उतार, सावलीचा उतार, घळ, माथा, ओलसर जागा, उंचीचा चढउतार. जितक्या तऱ्हा जास्त तितकं तिथल्या जीवाला जवळच सरकायला जागा. हे फार मोलाचं आहे. शंभर मीटर वर चढलं की साधारण ०.६ अंश गारवा मिळतो, आणि तेवढाच गारवा सपाटीवर हवा असेल तर कितीतरी किलोमीटर चालावं लागतं. २०११ मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र करून बघितलं गेलं तेव्हा जीव दर दहा वर्षांत सरासरी ११ मीटर वर आणि ध्रुवांच्या दिशेनं जवळपास १७ किलोमीटर सरकताना दिसले. बेडकाला ११ मीटर जमतील, १७ किलोमीटर कुठून जमणार?

आंबोलीचं उदाहरण घे. तिथला झँथोफ्रीन टायग्रिना नावाचा छोटा भेक आंबोली आणि जवळपासच्या थोड्या जागा सोडल्या तर जगात कुठं नाही, पावसाच्या सुरुवातीला कातळावर साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतो. तिथंच हिरण्यकेशीच्या मंदिराच्या कुंडात सापडलेला मासा, शिस्तुरा हिरण्यकेशी, २०२० मध्ये विज्ञानाला नव्यानं कळला आणि पुढच्याच वर्षी त्या जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, दोन हेक्टरच्या आसपास जागा फक्त. सॅटेलाइटवरून बघितलं तर तिथं एक ठिपकासुद्धा दिसणार नाही. पण बाहेर कितीही तापलं तरी जमिनीतून येणारं गार पाणी, ही खरी तग धरणारी जागा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव, बरेचजण इथं चुकतात. मार्क सरसकट लावायचे नाहीत. चुनखडीची दरी दुसऱ्या चुनखडीच्या दरीशीच ताडून बघायची, डोंगराशी नाही. नाहीतर सगळे मार्क उंच डोंगर खाऊन जातात. आपल्याकडं तसं केलं तर घाट पहिला येईल आणि सोलापूर-नगरकडची माळरानं, जिथं माळढोक होता, लांडगा आहे, काळवीट आहे, ती नापास होतील. माळाची तुलना माळाशीच.

नागपूरहून एक वाचक: यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला तो वाघ शेतातून, रस्त्यातून फिरत बुलढाण्याला पोचला ना? मग कॉरिडॉर कॉरिडॉर, जंगलं जोडणाऱ्या वाटा हव्यात असं, कशाला करायचं, जनावर आपली वाट काढतंच.

पोचला, खरं आहे. २०१९ च्या जूनमध्ये टिपेश्वर सोडलं, तेलंगणाचा भाग, मग विदर्भ-मराठवाड्याचे जिल्हे, ओढ्यांच्या काठानं, शेतातून, रात्री रात्री चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला, गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून समजलं, सगळं मिळून ३००० किलोमीटरच्या आसपास चालणं झालं. पण तो तिथं गेला आणि एकटाच राहिला, ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. मला त्या वाघाबद्दल कौतुकापेक्षा वाईट जास्त वाटतं. एका धडधाकट तरुण नराला जमलं म्हणून पिल्लं घेतलेल्या वाघिणीला जमेल असं नाही, आणि खवल्या मांजराला, साळिंदराला, कासवाला तर सोडूनच द्या.

आणि वाट करून दिली की जनावरं वापरतात याचा पुरावा तुमच्याच शेजारी आहे की, पेंचमधला ४४ नंबरचा हायवे. तिथं जनावरांसाठी ९ ठिकाणी रस्ता उचलून खालून वाट ठेवली, त्यातली सगळ्यात मोठी ७५० मीटरची. २०१९ मध्ये डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेनं कॅमेरे लावले तर १८ प्रजाती खालून जाताना सापडल्या, त्यात ११ वेगवेगळे वाघ! पण हे हायवे होताना भांडून मिळालंय, आणि भांडता आलं कारण वाट कुठून जाते हे आधी माहीत होतं. वाट नकाशावर नसेल तर इंजिनीअरला ती दिसणारच नाही, तो बिचारा सरळ रेघ मारतो.

ती वाट शोधायची एक सुंदर युक्ती आहे, ब्रॅड मॅक्रे यांची. त्यांनी जमिनीला विजेच्या सर्किटसारखं धरलं. जंगल म्हणजे कमी विरोध, शेत म्हणजे थोडा जास्त, हायवे आणि शहर म्हणजे भरपूर. आता एका टोकाला करंट सोडा. तो एकाच वाटेनं जात नाही, मिळेल त्या सगळ्या वाटांनी पसरतो, आणि जिथं सगळ्या वाटा मिटून एक चिंचोळी खिंड उरते तिथं करंट दाटतो, नकाशावर ती जागा पेटल्यासारखी दिसते. तिथं एक रिसॉर्ट झालं तरी पलीकडचं सगळं तुटतं. हे सॉफ्टवेअर, सर्किटस्केप, फुकट मिळतं, वापरून बघा.

राजापूरहून: आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, काहीच नाही, नुसता दगड. जंगलं जोडायला तिथं झाडं लावायचा कार्यक्रम मंडळानं ठरवलाय. कुठली लावावी?

एकही लावू नका. मनापासून सांगते. सडा ओसाड नाही, तो मुळातच असा असतो, पावसाळ्यात जाऊन गुडघे टेकून बघा, बोटभर मातीत किती प्रकारची फुलं आणि कीटकभक्षी वनस्पती येतात ते. वरून माती टाकून झाडं लावली की ते सगळं संपतं, शिवाय सड्यावर मुरणारं पाणी खालच्या विहिरींना जातं. मंडळाला हौस असेल तर सड्याखालच्या व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, जिथं मूळचीच झाडं तुटलीत तिथं तीच परत लावा, शेजारच्या देवराईतलं बी आणून.

न्यू जर्सीहून एक वाचक: इथल्या डोंगराळ भागाचा असा नकाशा ऑनलाइन उघडून माझ्या घरामागच्या रानाचे मार्क बघितले! आपल्याकडं असं कधी?

छानच. तुमच्याकडं पूर्व किनाऱ्याचं काम आधी झालं, मग उरलेल्या देशाचं. पण सह्याद्रीला चौकोन पाडून मार्क द्यायचं आपल्यालाही नवीन नाही हो. माधव गाडगीळ यांच्या समितीनं २०११ मध्ये अख्ख्या पश्चिम घाटाचे २२०० च्या आसपास चौकोन केले होते, साधारण ९ बाय ९ किलोमीटरचे. आणि २०१४ मध्ये वाघांचे देशभरचे ३२ मोठे कॉरिडॉर नकाशावर आणले गेले. आपल्याकडं कमी पडतंय ते बारीक काम, त्या ९ किलोमीटरच्या चौकोनाच्या आतलं, एक घळ, एक झरा, एक राई.

दोडामार्ग तालुक्यातले एक शिक्षक: ताई, आमची शाळा चौथीपर्यंत, १९ मुलं. आम्ही यात काही करू शकतो का?

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. करू शकता, आणि जे तुम्ही कराल ते सॅटेलाइटला येत नाही. एप्रिल-मे मध्ये मुलांना घेऊन गावच्या म्हाताऱ्या माणसांकडं जा आणि एकच विचारा, आत्ता पाणी कुठं आहे? कुठला झरा आटत नाही, व्हाळातली कुठली कोंड, म्हणजे डोह, भरलेली असते, गवे पाणी प्यायला कुठून उतरतात, ककणेराचं, म्हणजे धनेश पक्ष्याचं, घरटं कुठल्या झाडावर आहे. गावाच्या नकाशावर खुणा करा, तारीख लिहा, सांगणाऱ्याचं नाव वहीत ठेवा, बाहेर देऊ नका. घरट्याची जागासुद्धा जाहीर करू नका. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात परत. ग्रामपंचायतीची लोकजैवविविधता नोंदवही असते, त्यात ही माहिती जोडायला सांगा म्हणजे कागदोपत्री राहील.

रत्नागिरीकडं एईआरएफ या पुण्याच्या संस्थेनं लोकांशी करार करून मालकी रानं आणि देवराया राखल्यात, बेहड्याची मोठी झाडं उभी ठेवून त्याच्या फळांना चांगला भाव मिळवून दिलाय, कारण त्याच झाडांच्या ढोलीत धनेश घरटं करतो. तुमच्या गावात कुणाकडं जुना बेहडा असेल तर तो पहिल्यांदा नकाशावर घ्या. मुलांनी काढलेल्या नकाशाचा फोटो मला पाठवा, जूनच्या आत आला तर मी मोठ्या नकाशावर ठेवून बघते आणि परत पाठवते.