इटलीकडे शंभराहून जास्त पाणबुड्या होत्या, तरी १९४० मध्ये त्यांचा धाक का बसला नाही?

'इटालियन खलाशी घाबरट होते' हे उत्तर तुम्हाला जागोजागी मिळेल. मला ते साफ चुकीचं आणि अन्यायाचं वाटतं. माणसं धाडसी होती, घात बोटींनी केला.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली तेव्हा तिच्याकडे सुमारे ११५ पाणबुड्या होत्या. संख्येत फ्रान्सच्या मागे पडायचं नाही, या ईर्ष्येने दोन युद्धांमधल्या काळात त्या भराभर बांधल्या गेल्या. वरचा मनोरा अवाढव्य, त्यामुळे बोट दुरून नजरेत भरायची. बुडी मारायलाही वेळ लागायचा.

खरा जीवघेणा दोष मात्र आतल्या हवेत होता. तेव्हा इटलीची वसाहत असलेल्या एरिट्रियातल्या मसावा बंदरात आठ पाणबुड्या होत्या. उन्हाळ्यातला तांबडा समुद्र म्हणजे आत नुसती भट्टी, म्हणून एसी हवाच. त्या एसीत मिथाइल क्लोराइड वायू वापरलेला. नळ्यांमधून तो गळायचा आणि वास जवळजवळ येत नसल्याने कुणाला पत्ताच लागायचा नाही. आधी डोकं गरगरायचं, मग भ्रम व्हायचा. 'मकाल्ले'चे खलाशी असेच विषबाधेने बेजार झाले आणि १५ जूनला ती सुदानच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढली. शत्रूची एक गोळीही लागली नव्हती! चारच दिवसांनी 'गालिलेओ गालिलेई' एडनजवळ पृष्ठभागावर आली. हिच्यावरही वायूने माणसं आजारी पडली होती. समोर होती 'मूनस्टोन' ही छोटी ब्रिटिश ट्रॉलर, म्हणजे मासेमारीच्या धर्तीची सशस्त्र बोट. पाणबुडीवर १०० मिलिमीटरच्या दोन तोफा असूनही कॅप्टन मारला गेला आणि ब्रिटिशांनी बोट जिवंत पकडून नेली. महिना संपायच्या आत आठातल्या चार गेल्या.

युद्धनौकांचंही तेच. 'अल्बेरिको दा बार्बियानो' या क्रूझरने (वेगवान, मध्यम आकाराच्या युद्धनौकेने) चाचणीत ४२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ७८ किलोमीटर वेग गाठला. करारापेक्षा जास्त वेग दाखवला की गोदीला बक्षिसाची रक्कम मिळायची. पण बाजूचं चिलखत अवघं २४ मिलिमीटर. डिसेंबर १९४१ मध्ये ट्युनिशियातल्या केप बॉनजवळ, पेट्रोल वाहून नेताना, ती टॉर्पेडो लागून बुडाली.

आणि खलाशांचं म्हणाल तर मसावातल्या उरलेल्या चार पाणबुड्या १९४१ मध्ये अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून फ्रान्समधल्या बोर्दोला पोहोचल्या. चारही.