थर 'रिलॅक्स' होतात म्हणजे काय?

प्रश्न : माझी नात पाषाणला संशोधन करते. ग्राफीनचे दोन थर एका अंशाने फिरवून ते कॉम्प्युटरवर आठवडाभर 'रिलॅक्स' करत बसते. हे नेमकं काय? (एक आजोबा, कोथरूड)

उत्तर : आजोबा, पिठाच्या दोन चाळण्या एकीवर एक ठेवून खिडकीपाशी धरा आणि वरची किंचित फिरवा. भोकांहून कितीतरी मोठी नक्षी उमटेल; फिरवणं जितकं कमी, तितकी नक्षी मोठी. ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा, एकाच अणूइतका जाड, षटकोनी जाळीचा थर. ही जाळी दर 0.246 नॅनोमीटरला (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) पुन्हा येते, पण 1.1 अंश पीळ दिला की नक्षीचं एक घर सुमारे 13 नॅनोमीटरचं होतं आणि त्यात अकरा हजारांच्या आसपास अणू येतात. नातीचा आठवडा त्यातच जातो.

चाळणीची तार हलत नाही, अणू मात्र हलतात. मंडईत मोसंबी रचतात तेव्हा वरचं फळ खालच्यांच्या खळग्यात बसतं. इथेही वरचे निम्मे अणू खालच्या षटकोनाच्या पोकळीवर आले की थर सुखात असतात. अणूवर अणू आला की अवघडतात आणि तिथे थरांमधलं अंतरही वाढतं. म्हणून अणू थोडेथोडे सरकतात, अवघडलेल्या जागा आक्रसतात आणि सुखाचे त्रिकोण पसरतात. हेच रिलॅक्सेशन.

ही पायरी गाळू नये, असं मी प्रत्येकाला सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीने घाईत अणू जागच्या जागी ठेवून ऊर्जापट्टे, म्हणजे इलेक्ट्रॉनांना मिळू शकणाऱ्या ऊर्जांचे पट्टे, काढले. सपाट पट्टे (ज्यांत इलेक्ट्रॉनची ऊर्जा जवळपास बदलतच नाही) आले, पण शेजारच्या पट्ट्यांना चिकटलेले. प्रयोगात तर मध्ये स्वच्छ फट दिसते. अणू हलू दिले आणि फट उघडली. ते दोन आलेख अजून माझ्या टेबलासमोर लावलेले आहेत. सपाट पट्ट्यातले इलेक्ट्रॉन मुख्यतः त्या अवघडलेल्या जागांपाशीच गोळा होतात, मग त्या जागांचा आकार चुकवून कसं चालेल? असे पट्टे येतील हे बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनल्ड या भौतिकशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये गणिताने सांगितलं होतं, आणि 2018 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत हारिल्यो-एरेरो यांच्या गटाला 1.1 अंशाजवळ, 1.7 केल्व्हिनला (सुमारे उणे 271 अंश सेल्सियसला) अतिवाहकता, म्हणजे विजेला शून्य विरोध, सापडली.

नातीला कोन जरूर विचारा. 10 अंशांना अणू फारसे हलत नाहीत, कारण नक्षी लहान असते आणि जाळी ताणून हाती फारसं काही लागत नाही. आणि ती मॉलिब्डेनम डायसल्फाइड या अशाच पातळ थरांच्या दुसऱ्या पदार्थाकडे वळली, तर 1 अंश की 59, हेही विचारा: पहिल्यात त्रिकोण पसरतात, दुसऱ्यात षटकोन.