बाबांसमोर आईचं नाव काढायचं की नाही?

"मॅडम, आईचा विषय निघाला की बाबांच्या डोळ्यात पाणी येतं, म्हणून आम्ही विषयच काढत नाही, बरोबर करतोय ना?" समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मी इतक्या घरांतून ऐकलाय की आता समोरचा "आई" म्हणून नुसता थांबला तरी पुढचं वाक्य मला कळतं. मुलं विचारतात, सुना विचारतात, एकदा तर शेजारीण विचारायला आली होती. म्हणून एका घराची गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील अर्थात बदललेत.

आधी सून आली. सासूबाई जाऊन चौदा महिने झाले होते. वर्षश्राद्ध झालं, साड्या नात्यात वाटून झाल्या, हॉलमध्ये हार घातलेला फोटो लागला, आणि त्या दिवसापासून घरात त्यांच्याबद्दल कुणी बोललंच नाही. सात वर्षांच्या नातवालाही बजावून ठेवलेलं, आजोबांसमोर आजी म्हणायचं नाही. सासरे जेवतात, फिरायला जातात, पण गप्प असतात, ही तिची तक्रार.

तिचे सासरे, म्हणजे काका, दुसऱ्या आठवड्यात आले, इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. म्हणाले, "मला काही झालेलं नाही, मुलांना वाटतं म्हणून आलो."

मी विचारलं, घरात काकूंचं बोलणं होतं का?

"मी आत गेलो की सगळे टीव्हीचा आवाज वाढवतात," ते म्हणाले. मग बराच वेळ पेनाचं टोपण काढ-घाल करत बसले. "विसरले असतील. तरुण माणसं आहेत, कामं असतात. पण घरात आता मी अगं म्हणून हाक कुणाला मारू, तेवढं सांगा."

मुलगा बाबांना त्रास नको म्हणून गप्प आणि बाबा मुलाला त्रास नको म्हणून गप्प. हे मी प्रत्येक घरात बघते. मुलाशी जरा सविस्तर बोलले तेव्हा आतलं निघालं, बाबांना रडताना बघणं त्यालाच झेपत नव्हतं. जन्मात कधी बघितलंच नव्हतं ना त्याने!

काकांना मी सांगितलं, पुढच्या वेळी काकूंची एखादी वस्तू आणा, दागिना नको, फोटो नको, रोज हाताखाली असायची अशी. मला वाटलं चष्मा आणतील. त्यांनी आणली कालनिर्णयची गुंडाळी, अकरा वर्षांची, सुतळीने बांधलेली, तांदळाच्या डब्यामागे ठेवलेली. त्या दिवशी मी मुलाला आणि सुनेलाही आत बसवलं होतं.

पानं उलटायला लागलो. दूध नाही. गॅस लावला. बाईचा खाडा. ह्यांचं बीपी १५०. बाळाचा पहिला दात. कडेला हळदीची बोटं. सगळे थोडं हसत होते, थोडं डोळे पुसत होते, आणि एका गुरुवारच्या चौकोनात बारीक अक्षरात होतं, "आज कंटाळा." पुढच्या महिन्यात परत. मग सापडतच गेलं, अकरा वर्षांत बऱ्याच ठिकाणी, फक्त दोन शब्द.

काका चष्मा काढून म्हणाले, "त्रेचाळीस वर्षांत मला कधी म्हणाली नाही हो, कंटाळा आलाय म्हणून."

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला फार उशिरा जमायला लागलं, पण त्या दिवशी जमलं. आणि मग मुलगा बोलला, "बाबा, आई कंटाळली की भांडी आदळायची. मला माहीत होतं. मी क्लासला लवकर निघून जायचो." सून म्हणाली, माझ्यावर चिडल्या की माझ्याशी बोलायच्या नाहीत, झाडांशी बोलायच्या, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. काका हसले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा हसले म्हणे, असं सुनेनेच नंतर सांगितलं.

मला त्या तासात जे कळलं ते आधी पुस्तकात वाचलं होतं पण कळलं नव्हतं. माणूस गेलं की आपण त्याला लगेच प्रेमळ पत्नी, प्रेमळ आई, प्रेमळ आजी करून टाकतो. भेटायला येणारा प्रत्येक जण साक्षात अन्नपूर्णा होती म्हणून जातो. खोटं नसतं ते, पण अन्नपूर्णेबद्दल गप्पा कशा मारणार, तिला हातच जोडायचे. कंटाळणारी, भांडी आदळणारी बाई आठवली की मग बोलता येतं.

सुरुवातीला मीही लोकांना "आता सोडून द्या, पुढे चला" सांगायचे. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याने १९१७ मध्ये साधारण तेच मांडलं होतं, गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सुटावं लागतं. पण त्याचीच मुलगी सोफी १९२० मध्ये गेली आणि नऊ वर्षांनी एका मित्राला त्याने लिहिलं की ही जागा कशानेच भरत नाही, आणि तसंच असायला हवं. पुढे १९९० च्या दशकात अभ्यासकांनी उघड म्हटलं की नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं. मी या बाजूची आहे. आणि ते व्हॉट्सॲपवर फिरणारे दुःखाचे पाच टप्पे, नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार? मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी ते १९६९ मध्ये मांडले ते मरणाच्या दारातल्या पेशंटशी बोलून, त्यामुळे बाबा आता कितव्या टप्प्यावर आहेत हे मोजत बसू नका.

तर नाव काढा. पण "आईची आठवण येते का?" असं विचारू नका, त्याला उत्तर काय देणार माणूस. आई गोड्या मसाल्यात दगडफूल किती घालायची, असलं विचारा. रडले तर रडू द्या, पाणी द्या, विषय बदलू नका. मुलांना आजी झोपली असं सांगू नका, मग ती रात्री झोपायला घाबरतात, वारली हाच शब्द वापरा. मात्र जेवण-अंघोळ सुटली असेल, वर्ष उलटूनही दिवसच ढकलता येत नसेल, किंवा मलाही तिच्याकडे जायचंय असं बोलणं यायला लागलं तर थांबू नका, डॉक्टर गाठा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, रात्रीसुद्धा लागतो, मराठीतही बोलता येतं.

त्या पानांना लॅमिनेशन करू या म्हणून मुलगा मागे लागला होता, काका नाही म्हणाले, हळद जाईल.

भाद्रपदात अविधवा नवमी आली. सुनेने काकूंच्या आवडीचा स्वयंपाक केला, आणि आमटीवरून वाद पेटला. काका म्हणाले गूळ कमी पडला, हिला जास्त लागायचा. मुलगा म्हणाला, नाही हो बाबा, गूळ तुम्हाला लागायचा, आई स्वतःची वाटी आधीच वेगळी काढून ठेवायची. नातवाला आजोबांची बाजू घ्यायची होती. शेवटी काकूंच्या बहिणीला फोन लावला स्पीकरवर, तर तिने तिसरंच सांगितलं, तिला आमटीच आवडत नव्हती म्हणून.