कब्रस्तानाची चावी

प्रश्न : ताई सलाम. मी नगर जिल्ह्यातली, वय ३८. माझे पप्पा आमच्या चर्चचे खजिनदार होते, नंतर नवीन कमिटी आली आणि त्यांनी चर्चच्या जागेचा एक तुकडा भाड्याने दिला, पप्पांनी मीटिंगमध्ये त्याचा हिशोब विचारला आणि तिथून सगळं फिरलं. उपासनेनंतर लोक हात मिळवेनात, मग हळूहळू पप्पांनीच जाणं सोडलं. मागच्या पावसाळ्यात ते वारले. कब्रस्तानाच्या चावीसाठी फोन केला तर सेक्रेटरी म्हणाले आधी तीन वर्षांची थकलेली वर्गणी भरा. पप्पा घरात बर्फावर आणि माझा भाऊ अंगणात उभा राहून मोबाईलवरून पैसे पाठवतोय, स्क्रीनशॉट टाकला तेव्हा चावी आली. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, बाहेरगावी आहेत म्हणाले. महिला मंडळातल्या एक आजी छत्री धरून आल्या, त्यांनीच बायबलातलं तेविसावं स्तोत्र म्हटलं. मी रोज रात्री भांडी आवरून प्रार्थना करते, देवावर राग नाहीये, पण चर्चच्या गेटपाशी पाय उचलत नाही. सासूबाई म्हणतात चर्च सोडलं म्हणजे देव सोडला, आणि हे बाहेर बोलू नको, साक्ष बिघडते, म्हणजे लोकांपुढे आपल्या विश्वासाचं नाव खराब होतं. खरंय का?

उत्तर : सलाम गं. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या स्क्रीनशॉटपाशी अडकले. तुमच्यावर अन्याय झालाय, आणि माणसं आहेत चुकायचीच असं म्हणून त्याच्यावर पांघरूण घालायला मी तुला सांगणार नाही.

साक्षीचं म्हणशील तर ती चावी अडवली त्या दुपारीच बिघडली. आणि शास्त्र तरी कुठे झाकपाक करतं? बायबलातलं पहिला शमुवेल हे पुस्तक काढ, पहिले दोन अध्याय वाच. हन्ना शिलोला मंदिरात रडत प्रार्थना करतेय, ओठ हलतायत पण आवाज नाही, आणि एली याजक, म्हणजे तिथला पुरोहित, तिला म्हणतो तू प्यायलीयस. रडणाऱ्या बाईला देवाच्या दारात हे ऐकावं लागलं! तिने तिथल्या तिथे सांगितलं, प्यायले नाही, देवापुढे मन मोकळं करतेय. मग एलीने तिला आशीर्वाद दिला, पण त्याचीच पोरं लोकांनी अर्पणाला आणलेलं मांस जबरदस्तीने घ्यायची हेही तिथेच लिहिलंय, नावानिशी, हफनी आणि फिनहास. लिहिणाऱ्याला साक्ष बिघडेल अशी भीती वाटली नाही, आणि हन्नाची प्रार्थना देवाने ऐकली ती याच मंदिरात, ही माणसं तिथे असताना.

आपल्याकडचंच बघ ना. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि दोनच वर्षांनी तिथल्या सिस्टरना पत्रात कळवलं की एका पुरोहितशाहीच्या जोखडातून आत्ताच सुटलेय, तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. ख्रिस्त त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ ला मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, तिथे बाप्तिस्मा झालेला न झालेला असा भेद नव्हता. दोनच वर्षांत ते गेले, दरबार काही मोठा झाला नाही, पण त्यांची भजनं आजही आपल्या उपासनेत म्हटली जातात. यांनी देव सोडला असं सासूबाई म्हणतील का? त्यांच्याशी भांडू मात्र नकोस, त्यांना तुझी आणि मुलांची काळजी वाटत असणार.

आपल्या मराठी बायबलात चर्चला शब्द कुठला आहे सांग, मंडळी! म्हणजे माणसं. दोघं तिघं माझ्या नावाने जमले तिथे मी आहे असं प्रभू म्हणाला, त्याला पावती लागत नाही की सेक्रेटरीची सही लागत नाही. त्या आजी भर पावसात आल्या ना, त्या दिवशी तुझी मंडळी त्या छत्रीखाली होती.

पण एकटीने फार दिवस काढू नकोस हे मात्र मनापासून सांगते, रात्रीची ती प्रार्थना एकटीने करत राहिलं की दुखणं आतल्या आत मुरतं. पाय उचलत नसेल तर ते गेट सध्या राहू दे, दुसऱ्या गावच्या उपासनेला जाऊन मागच्या बाकावर बसलीस तरी चालेल. कुणी माफ कर माफ कर म्हणून मागे लागलं तर सांग, माफी देईन तेव्हा देईन, हिशोब वेगळा.

आणि हिशोब सुटलेला नाही हं. चर्चची मालमत्ता ज्या ट्रस्टच्या नावावर आहे तो सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदलेला असेल तर त्यांना दरवर्षी हिशोब तपासून घ्यावे लागतात आणि तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे करता येते. पप्पांचे कागद, मीटिंगची नोटीस, तो स्क्रीनशॉट, सगळं एका फाईलीत ठेव, वकिलाला दाखव. पप्पांनी विचारलेला प्रश्न पुढे नेणं यात पाप काहीच नाही.

येत्या शुक्रवारी त्या आजींना घरी चहाला बोलाव. तुझ्या मुलांना त्यांच्याकडून तेविसावं स्तोत्र पाठ करून घे, पप्पांसाठी म्हटलं होतं तसंच.