चाचणीची डिस्क आधी जुन्या डेटाने भरा, मग डायरेक्ट राइट तपासा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. स्वतः लिहिलेली फाइलसिस्टिम, ओ_डायरेक्टने (मेमरीतली कॅश टाळून थेट डिस्कवर) लिहिणं चालू असताना वीज गेली, परत माउंट केल्यावर फाइलच्या शेवटी भलत्याच फाइलचा मजकूर, आणि चाचण्या मात्र सगळ्या पास. पुण्यात एका स्टोरेज कंपनीत असताना मी हेच भोगलंय, म्हणून सविस्तर लिहिते. एक्स्टेंट (फाइलला दिलेले सलग ब्लॉक), आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद), जर्नल (फाइलसिस्टिममधले बदल आधी टिपून ठेवायची वही) हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. माझा अनुभव लिनक्सपुरताच आहे.

आमच्याकडे एका ग्राहकाची फाइल तपासायला आली होती. तिच्यात मीटरची रीडिंग, म्हणजे नुसते बायनरी आकडे असायला हवे होते. हेक्सडंप (प्रत्येक बाइट अंकांत दाखवणारी यादी) उघडला तर ४०९६ बाइटचा एक अख्खा ब्लॉक ई० ए४, ई० ए५, ई० ए४ असा चाललेला. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अक्षरं अशीच सुरू होतात, त्यामुळे डीकोड करायच्या आधीच पोटात गोळा आला. निघाला तो कुणाच्या तरी रजेच्या अर्जाचा मधला तुकडा, आजाराच्या नावासकट. ती फाइल कधीच पुसली गेली होती. तिचे ब्लॉक मोकळे झाले आणि आम्ही ते दुसऱ्याला तसेच देऊन टाकले.

कारण तुमच्याकडे असेल तेच. आम्ही ब्लॉक वाटून एक्स्टेंट लगेच ‘लिहिलेला’ म्हणून नोंदवत होतो आणि डेटा त्यानंतर डिस्ककडे पाठवत होतो. मधल्या वेळात जर्नल कमिट झालं आणि वीज गेली, की नोंद नवी आणि ब्लॉकमधला मजकूर जुना. यासाठी क्रॅशच व्हावा लागतो असंही नाही. त्याच क्षणी दुसऱ्या प्रोसेसने डायरेक्ट रीड केलं तरी जुनं दिसतं. आमचा एक सहकारी म्हणायचा, आपल्याकडे ऑर्डर्ड मोड आहे, काळजी नको. पण ऑर्डर्ड मोड पेज कॅशमधला, म्हणजे मेमरीत थांबलेला, डेटा कमिटआधी डिस्कवर ढकलतो. डायरेक्ट राइट पेज कॅशमधून जातच नाही, मग त्याला अडवणार कोण?

लिनक्सच्या एक्सएफएस आणि एक्स्ट४ या फाइलसिस्टिम करतात तेच करा. ब्लॉक वाटताना एक्स्टेंट ‘अनरिटन’ (अजून न लिहिलेला) ठेवा, म्हणजे कुणी वाचला तर शून्यच मिळतील. आयओ यशस्वी पूर्ण झाल्यावरच तो ‘लिहिलेला’ करा, आणि फाइल वाढत असेल तर आय-साइझ (फाइलची नोंदलेली लांबी)ही तेव्हाच वाढवा. हे रूपांतर इंटरप्टमध्ये, म्हणजे डिस्कने काम झाल्याचं कळवताच धावणाऱ्या कोडमध्ये, करू नका. त्याला जर्नल ट्रान्झॅक्शन लागतं आणि ते झोपू शकतं (वाट बघत थांबू शकतं), म्हणून वर्कक्यूकडे, म्हणजे कर्नलच्या नंतर करायच्या कामांच्या रांगेकडे, द्या. एसिंक आयओ (लिहिणं संपायची वाट न बघणारा) असेल तर रूपांतर होईपर्यंत अ‍ॅप्लिकेशनला ‘झालं’ म्हणून कळवू नका. कमिट रेकॉर्डच्या आधी डिस्कची कॅश फ्लश झालीच पाहिजे, नाहीतर क्रम बरोबर असूनही डेटा डिस्कच्या कॅशमध्येच राहून जाईल. रूपांतर कमिट व्हायच्या आधी वीज गेली तर शून्य दिसतील, किंवा फाइल वाढत असेल तर ती जुन्याच लांबीची राहील. ते चालतं, कारण एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का करायची विनंती) अजून परतलेलं नसतं. डेटा हरवला तर अ‍ॅप्लिकेशन तो परत लिहू शकतं, पण एकाचा अर्ज दुसऱ्याला दिसला की तो परत घेता येत नाही.

तुम्ही विचारलंय की आधी सगळीकडे शून्य भरून घेऊ का. मोठ्या राइटसाठी माझं मत स्पष्ट नाही असंच आहे, प्रत्येक बाइट दोनदा लिहावा लागेल. मात्र ४०९६ च्या ब्लॉकमध्ये ५१२ बाइटच लिहिले जात असतील तर पुढचा-मागचा भाग शून्य करावाच लागतो. अशा दोन राइट एकाच अनरिटन ब्लॉकवर एकदम आल्या तर एकीची शून्यं दुसरीचा डेटा पुसतात, म्हणून त्या एकामागून एकच सोडा.

आता ज्या चुकीने आमचे महिने खाल्ले ती. आमच्या सगळ्या क्रॅश चाचण्या नव्या व्हर्च्युअल डिस्कवर चालायच्या, दर वेळी कोरी स्पार्स इमेज (न लिहिलेल्या भागाला जागाच न घेणारी फाइल). कोऱ्या इमेजमधला न लिहिलेला ब्लॉक वाचला की शून्यच येतात. म्हणजे आमचा कोड जुना डेटा उघडा टाकत होता, पण तो जुना डेटाच मुळात शून्य होता! चाचणी शून्य पाहून पास म्हणायची. हे लक्षात आल्यावर एकच ओळ सतत छापणाऱ्या येस कमांडने ‘हा जुना डेटा आहे’ ही ओळ डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडमधून अख्ख्या डिव्हाइसवर भरली आणि परत चाचणी लावली. परत पास. त्यात आणखी एक आठवडा गेला. आमचं एमकेएफएस (फाइलसिस्टिम बनवणारी कमांड) फॉरमॅट करतानाच अख्ख्या डिव्हाइसला डिसकार्ड (हे ब्लॉक आता नकोत अशी सूचना) पाठवत होतं, आणि त्या डिव्हाइसवर डिसकार्डनंतर शून्य येत होती. एक्स्ट४ आणि एक्सएफएसची एमकेएफएसही मुळात हेच करतात. ते थांबवायला एक्स्ट४ला ‘-ई नोडिसकार्ड’ आणि एक्सएफएसला ‘-के’ द्यावा लागतो, दोन्ही अक्षरं मोठ्या लिपीतली. डिसकार्ड बंद करून चाचणी लावली, आणि त्याच दिवशी पहिल्या पाच मिनिटांत ती ओळ फाइलमध्ये ग्रेप या शोधणाऱ्या कमांडला सापडली.

त्या काळात डिस्क पुरवणाऱ्यांच्या सपोर्टने आम्हाला सहा आठवडे नुसतं लॉग पाठवा, स्क्रीनशॉट पाठवा एवढंच सांगितलं. दोष त्यांचा नव्हता हे मान्य. पण फ्लश कमांड तुमचा कंट्रोलर खरंच पाळतो का, या एका साध्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी शेवटपर्यंत दिलं नाही, याचा राग आजही आहे. तुम्ही त्यांच्या उत्तराची वाट बघत बसू नका. लिनक्समधलं डीएम-लॉग-राइट्स हे साधन वापरा. डिस्ककडे गेलेली प्रत्येक राइट आणि फ्लश त्यात क्रमाने नोंदली जाते, आणि हव्या त्या टप्प्यापर्यंत परत चालवून तिथेच वीज गेली असं धरून माउंट करता येतं. फक्त परत चालवायच्या आधी ते डिव्हाइसही त्याच ओळीने भरून घ्या.

तुमच्या एंड-आयओ (आयओ संपल्यावर चालणाऱ्या) फंक्शनचा कोड इथे टाकलात तर बघते. एरर आल्यावर रूपांतर होत नाही ना, हे मी आधी शोधेन. आमच्याकडे ते होत होतं.